विस्मरणात गेलेलं कस्टम कार प्रदर्शन जुन्या फोटोंतून कसं शोधावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्या काळातल्या आणि कुठल्या प्रदर्शनांबद्दल हे आहे?

दुसरं महायुद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियात तरुण पोरांनी जुन्या फोर्ड, मर्क्युरी, शेवरोले गाड्या कापून, जोडून, रंगवून स्वतःच्या मनासारख्या करायला सुरुवात केली. कुणाला वेग हवा होता, कुणाला देखणेपणा; वेगासाठी बदललेल्या गाडीला ‘हॉट रॉड’ म्हणत, देखणेपणासाठी बदललेलीला ‘कस्टम’. या गाड्या सभागृहात मांडून तिकीट लावून दाखवण्याची पद्धत १९४८ ते १९५३ या काळात रुजली. इथली उत्तरं त्या पहिल्या प्रदर्शनांबद्दल आणि त्यांच्या आज कुठेकुठे विखुरलेल्या फोटोंबद्दल आहेत. उदाहरणं प्रामुख्याने लॉस एंजेलिस, ओकलंड आणि सॅक्रामेंटो या तीन शहरांतली आहेत, कारण तिथला पुरावा सगळ्यात भरघोस आहे.

पहिलं प्रदर्शन कुठलं?

२३ ते २५ जानेवारी १९४८ या तीन दिवसांत लॉस एंजेलिसच्या एक्स्पोझिशन पार्कमधल्या नॅशनल गार्डच्या (राखीव सैन्याच्या) आर्मरीत, म्हणजे शस्त्रागाराच्या इमारतीत, ‘हॉट रॉड एक्स्पोझिशन’ भरलं. ते सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनने, म्हणजे एससीटीएने, भरवलं होतं. ही संस्था १९३७ सालची. मुरॉकच्या कोरड्या तलावावर, आणि युद्धानंतर एल मिराजवर, वेगाच्या चाचण्या घेणाऱ्या क्लबांना तिने एका शिस्तीखाली आणलं होतं.

प्रदर्शनामागचं कारण साधं होतं. त्या वेळची वर्तमानपत्रं हॉट रॉडवाल्यांना रस्त्यावर जीव घेणारी टवाळ पोरं म्हणून रंगवत. आमच्या गाड्या नीट बांधलेल्या असतात, आम्ही शर्यत रस्त्यावर नाही, तलावावर लावतो, हे शहराला दाखवायचं होतं. प्रसिद्धीचं काम हॉलिवूडमधल्या एका छोट्या कंपनीकडे गेलं. तिथे रॉबर्ट पीटरसन नावाचा विशीतला तरुण होता. त्याने रॉबर्ट लिंडसेबरोबर ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक जानेवारी १९४८ मध्ये काढला. २४ पानं, किंमत २५ सेंट. त्या अंकाची विक्री याच प्रदर्शनाच्या गर्दीत झाली.

याला सगळ्यात पहिलं म्हणायला मी मात्र कचरतो. एखाद्या शोरूममध्ये, शाळेच्या मैदानावर किंवा जत्रेच्या मांडवात याआधी चार गाड्या मांडल्याच गेल्या नसतील, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पुरावा शोधण्याची गंमत तिथेच आहे.

मग बाकीची प्रदर्शनं विसरली का गेली?

माझं मत स्पष्ट आहे. जे प्रदर्शन दरवर्षी भरत राहिलं किंवा ज्याच्यासोबत एखादं मासिक जन्मलं, तेच लोकांच्या लक्षात राहिलं. ओकलंडचं रोडस्टर (उघड्या, दोन आसनी गाड्यांचं) प्रदर्शन अल स्लोनेकर यांनी १९५० मध्ये सुरू केलं. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये गेलं, २००४ पासून पोमोनाला भरतं आणि अजून चालू आहे. सॅक्रामेंटोत ‘थंडरबोल्ट्स’ क्लबच्या हॅरॉल्ड बॅगडसेरियन यांनी १९५० मध्येच कॅपिटल शेवरोलेच्या जागेत गाड्या मांडल्या, त्यातून तिथलं ‘ऑटोरामा’ नावाचं प्रदर्शन उभं राहिलं. डेट्रॉइटचं ऑटोरामा १९५३ चं. अशा संस्थांनी आपला इतिहास स्वतः लिहिला, वर्धापनदिन साजरे केले, विजेत्यांच्या याद्या जपल्या.

एकदाच भरलेल्या प्रदर्शनाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. आयोजक क्लब दोन वर्षांत मोडला, पोरं कोरियाच्या युद्धावर गेली, लग्नं झाली, गाड्या विकल्या गेल्या. उरले ते अल्बममधले चार फोटो, मागे पेन्सिलने लिहिलेलं एखादं नाव. म्हणून फोटोंपासून सुरुवात करावी लागते.

माझ्या हातात एक फोटो आहे. सगळ्यात आधी काय बघू?

गाडी सोडून बाकी सगळं बघा. नजर आपोआप गाडीवर जाते. पण तारीख आणि जागा बहुतेक वेळा कोपऱ्यात दडलेली असते.

छताच्या कैच्या कशा आहेत, भिंत विटांची आहे की गिलाव्याची, खिडक्या किती उंचीवर आहेत, जमीन सिमेंटची आहे की लाकडी, ते बघा. कापडी पताकेवर अर्धवट दिसणारी अक्षरं उतरवून घ्या. दोरीमागे उभ्या लोकांच्या अंगात कोट आहेत की हाफ शर्ट? भिंतीवर कॅलेंडर किंवा नाटक-सिनेमाचं पोस्टर आहे का? विक्रीच्या टेबलावर कुठल्या दुकानाची पाटी आहे? हे सगळं लिहून काढा. अर्थ लावायची घाई नको. आधी नुसती नोंद.

मग फोटो उलटा करा. मागचा शिक्का, हस्ताक्षर, कागदावरची छपाई, गोंदाचे डाग हे सगळं पुढच्या बाजूइतकंच मोलाचं आहे. स्कॅन करताना दोन्ही बाजू करा. अल्बममधला फोटो असेल तर तो काढण्याआधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, कारण शेजारी कुठला फोटो चिकटवला होता यावरूनही क्रम लागतो.

नंबरप्लेटवरून साल खरंच कळतं का?

कळतं, आणि कॅलिफोर्नियाच्या बाबतीत तर फार छान कळतं. तिथे १९४७ ची पाटी पिवळी, अक्षरं काळी. तीच पाटी पुढची तीन वर्षं चालली आणि १९४८, ४९, ५० साठी तिच्या कोपऱ्यात सालाचा छोटा धातूचा बिल्ला बसवत. १९५१ मध्ये रंग उलटे झाले, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. ती १९५५ पर्यंत बिल्ल्यांवर चालली. १९५६ मध्ये पुन्हा पिवळ्यावर काळं आलं आणि पाटीचा आकारही १२ बाय ६ इंच असा देशभर एकसारखा झाला. १९६३ पासून परत काळ्यावर पिवळं.

कृष्णधवल फोटोत पिवळा रंग फिकट दिसतो. म्हणजे फिकट पाटीवर गडद आकडे असतील तर १९४७ ते ५०, गडद पाटीवर फिकट आकडे असतील तर १९५१ ते ५५, अशी पहिली चाळणी नुसत्या डोळ्यांनी लावता येते. मग भिंग घेऊन बिल्ल्यावरचे दोन आकडे शोधा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जानेवारीत भरलेल्या प्रदर्शनात सगळ्यांनी नव्या सालाचा बिल्ला लावलेलाच असेल असं नाही. आणि प्रदर्शनातल्या गाडीवर बऱ्याचदा पाटीच नसते, किंवा क्लबची पाटी असते. म्हणून सभागृहाबाहेर रस्त्यावर, पार्किंगमध्ये घेतलेले फोटो जास्त उपयोगी. लोक ते बाजूला टाकतात, कारण त्यात ‘काही नाही’. खरं तर त्यातच सगळं असतं.

गाडीवरून तारीख कशी काढायची? गाडी तर जुनीच असते ना?

बरोबर. १९३२ ची फोर्ड रोडस्टर दिसली म्हणून फोटो १९३२ चा होत नाही. गाडीवरून फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच ठरतं, आणि त्यासाठी फोटोतली सगळ्यात नवी वस्तू शोधायची असते.

पार्किंगमध्ये १९४९ चं मॉडेल असलेली फोर्ड उभी दिसली, तर फोटो जून १९४८ च्या आधीचा असूच शकत नाही, कारण ती गाडी तेव्हाच बाजारात आली. तिची ओळख सोपी: बाजूचा पत्रा सपाट, मडगार्ड वेगळं फुगलेलं नाही, आणि समोरच्या जाळीत मधोमध बंदुकीच्या गोळीसारखा गोल. १९४९ ची मर्क्युरी एप्रिल १९४८ ची. मागच्या मडगार्डवर छोटे पंख उमटलेली कॅडिलॅक १९४८ च्या मॉडेलपासून पुढची. यातलं काहीही दिसलं, की जानेवारी १९४८ चं आर्मरीतलं प्रदर्शन बाद.

बॉनेट उघडं असेल तर इंजिनावरून काही कळतं का?

माझा सगळ्यात आवडता पुरावा हाच. या पोरांचं लाडकं इंजिन म्हणजे फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८ (आठ सिलिंडरचं, वरची झाकणं म्हणजे ‘हेड’ सपाट असलेलं), १९३२ मध्ये आलेलं, २२१ घनइंचांचं. बाहेरून सगळी फ्लॅटहेड सारखीच वाटतात, पण दोन ठिकाणी बघा.

पहिलं ठिकाण म्हणजे हेडवरून रेडिएटरकडे जाणारा पाण्याचा पाइप. १९३७ ते ४८ च्या गाड्यांच्या इंजिनांत तो हेडच्या मधोमध वर निघतो. नव्या घडणीच्या इंजिनांत, जी १९४८ मध्ये आधी ट्रकमध्ये आणि मग १९४९ च्या गाड्यांत आली, तो पुढच्या टोकाला सरकला. दुसरं ठिकाण म्हणजे डिस्ट्रिब्यूटर, सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटून देणारा भाग. जुन्या इंजिनात तो पुढच्या बाजूला खाली, कॅमशाफ्टच्या (झडपा उघडणाऱ्या दांड्याच्या) टोकावरच आडवा बसवलेला असतो आणि वायरी तिथून दोन्ही बाजूंना जातात. नव्यात तो पुढे एका बाजूला उभा राहिला, नेहमीच्या टोपीसारखा.

क्रोम केलेले झाकण, तीन-तीन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर, ॲल्युमिनियमचे पंखेदार हेड बसवले तरी पाण्याचा पाइप बहुधा आपली जागा सोडत नाही, कारण ॲल्युमिनियमचे हेडसुद्धा सहसा त्या त्या इंजिनाप्रमाणेच ओतत. म्हणजे बाकी सगळी सजावट बाजूला सारून, ती रबरी नळी पुढच्या टोकाला आणि डिस्ट्रिब्यूटर उभा दिसला, तर फोटो १९४८ च्या आधीचा नाही हे तुम्ही ठरवू शकता; जुनं इंजिन मात्र नंतरच्या फोटोतही असू शकतं. हे पहिल्यांदा जमतं तेव्हा जो आनंद होतो तो शब्दांत सांगता येत नाही.

कुणी बनवलेली गाडी आहे हे ओळखता येतं का?

काही वेळा. पत्र्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. सॅक्रामेंटोचे हॅरी वेस्टरगार्ड समोर पॅकार्ड गाडीसारखी उंच उभी जाळी बसवत. त्यांच्या हाताखाली शिकलेला जॉर्ज बॅरिस पुढे भाऊ सॅमसोबत लॉस एंजेलिस परिसरात नावारूपाला आला. लॉस एंजेलिसच्याच कार्सन टॉप शॉपचं आतून गादी भरलेलं, काढता-घालता येणारं टप अर्ध्या मैलावरून ओळखू येतं, मागे उतरत गेलेलं, गुळगुळीत, एकही सुरकुती नाही.

पण एवढ्यावरून नाव लावू नका. आवडलेली गोष्ट गावोगाव उचलली जायची. १९३७ च्या डिसोटोचे खोबणीदार बंपर शेकडो गाड्यांवर होते, ॲपलटनचे स्पॉटलाइटही. टप किती इंच उतरवलंय, दरवाज्यांची हँडलं काढून भोकं शिसं वितळवून बुजवली आहेत का, हेडलाइट मडगार्डमध्ये किती आत बसवलेत, खिडकीच्या मागच्या कोपऱ्याला वळण कसं दिलंय, अशा पाच-सहा खुणा एकाच माणसाच्या दुसऱ्या ज्ञात गाडीशी जुळल्या तर ‘बहुधा’ म्हणा. ‘नक्की’ म्हणायला त्या काळचा लेखी आधार हवा.

माझा आग्रह एवढाच की नावाजलेल्या कारागिरापाशी थांबू नका. बॅरिस यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण फोटोत कोपऱ्यात उभी असलेली, खराब शिवलेल्या गाद्यांची, अर्धवट प्रायमर मारलेली गाडी कुणाची होती? कुठल्या वेल्डरने रात्री जागून ती वेळेत उभी केली? त्या माणसाचं नाव सापडणं हे माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचं सर्वात मोठं फळ आहे.

गाडीच्या दारावर मोठा आकडा आणि अक्षर रंगवलेलं दिसतं. तो प्रदर्शनातला क्रमांक आहे का?

बहुधा नाही. तो तलावावरच्या शर्यतीचा क्रमांक आणि गट असतो. हंगाम बदलला की क्रमांकही बदलू शकतो, म्हणून एकच गाडी दोन फोटोंत दोन आकड्यांनी दिसते आणि लोक तिला दोन वेगळ्या गाड्या समजतात. याचा उलटा फायदाही आहे. एससीटीएच्या त्या हंगामाच्या कार्यक्रमपत्रिका आणि निकाल मिळाले तर आकड्यावरून चालकाचं आणि क्लबचं नाव थेट हाती लागतं.

सभागृह कसं ओळखायचं?

इमारत अजून असेल तर काम सोपं. लॉस एंजेलिसची आर्मरी १९१२ च्या सुमाराची विटांची इमारत, एक्स्पोझिशन पार्कमध्ये आजही उभी आहे. २००४ पासून तिथे सायन्स सेंटर स्कूल आहे. आत मोठे बदल झालेत, पण बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांची रचना जुन्या फोटोंशी ताडून बघता येते.

ओकलंडची एक्स्पोझिशन बिल्डिंग आता नाही. लॉस एंजेलिसचं पॅन पॅसिफिक ऑडिटोरियम, ज्याच्या दर्शनी भागावर विमानाच्या शेपटीसारखे चार उंच खांब होते, १९८९ मध्ये जळालं. अशा वेळी सॅनबॉर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशे काढा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते मोठ्या प्रमाणावर डिजिटल केलेत. इमारत विटांची की लाकडी, मजले किती, दारं कुठल्या रस्त्याला, हे सगळं त्यात रंगांनी आणि खुणांनी दाखवलेलं असतं. फोटोत उजेड कुठल्या बाजूने येतो आणि नकाशात खिडक्या कुठे आहेत हे जुळवलं की फोटोग्राफर कुठे उभा होता तेही समजतं.

बक्षीसही कधी कधी जागा सांगतं. माणसापेक्षा कितीतरी उंच, नऊ फुटी चषक दिसला तर ओकलंडचा विचार करा. ‘अमेरिकेची सर्वात सुंदर रोडस्टर’ हा किताब तिथे १९५० पासून दिला जातो. पहिला मान बिल नीकॅम्प यांच्या १९२९ च्या फोर्ड रोडस्टरला मिळाला.

फोटोच्या कागदावरून आणि फिल्मवरून काय कळतं?

पन्नाशीच्या दशकातल्या अनेक अमेरिकन प्रिंटच्या पांढऱ्या पट्टीवर महिना-साल छापलेलं असतं. कोडॅकच्या त्या काळच्या रंगीत प्रिंटच्या मागे ‘अमुक आठवड्यात तयार केला’ असा शिक्का सापडतो. ही तारीख प्रिंट काढल्याची आहे. रोल कॅमेऱ्यातच सहा महिने पडून राहिला असेल, किंवा आत्याला पाठवायला दोन वर्षांनी दुसरी प्रत काढली असेल. म्हणून हा पुरावा ‘यानंतरचा नाही’ एवढ्यासाठीच वापरायचा.

घरगुती सिनेमाची रिळं मिळाली तर फिल्मच्या कडेला गोल, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा बघा. कोडॅकने फिल्म कुठल्या वर्षी तयार केली ते त्या सांगतात. पण खुणांचं चक्र २० वर्षांनी पुन्हा सुरू होतं, तेव्हा त्या एकट्यावर विसंबू नका.

एक सूचना मनापासून. निगेटिव्ह जुन्या, पिवळट, चिकट झाल्या असतील आणि उग्र वास येत असेल तर त्या नायट्रेटच्या असू शकतात. कोडॅकने ती फिल्म १९५१ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केली, त्यामुळे या काळातली रिळं सापडणं अगदी शक्य आहे. ती सहज पेट घेते. बंद डब्यात, उन्हात, माळ्यावर ठेवू नका, घरच्या स्कॅनरवर गरम होऊ देऊ नका. एखाद्या संग्रहालयाच्या जतन विभागाशी बोला.

फोटो उलटा छापलाय असं वाटतं. कसं ओळखू?

स्टीअरिंग बघा. अमेरिकन गाडीत ते डावीकडे असतं. पुरुषांच्या शर्टाची बटणं, कोटाच्या वरच्या खिशाची बाजू आणि कुठलीही अक्षरं, यांवरूनही लगेच खात्री होते. निगेटिव्ह उलटी ठेवून छापल्याने डाव्या-उजव्याचा घोळ होतो आणि मग एकाच गाडीच्या दोन फोटोंतली दारं-दिवे जुळत नाहीत.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं वापरून फोटो स्पष्ट करू का?

घरात फ्रेम करून लावायला खुशाल करा. पुराव्यासाठी अजिबात नको. ही साधनं जिथे काही दिसत नाही तिथे स्वतःच्या मनाने आकडे, चेहरे, जाळीचे दांडे भरतात. नंबरप्लेटवर ‘४८’ आहे की ‘४९’ हा प्रश्न असताना यंत्राने अंदाजाने भरलेला आकडा घेऊन साल ठरवलं, तर सगळी मेहनत पाण्यात. मूळ प्रिंट ६०० डीपीआयला किंवा जास्त, निगेटिव्ह त्याहून बऱ्याच जास्तला, टिफ स्वरूपात स्कॅन करा. प्रकाश आणि छाया कमी-जास्त करणं ठीक. त्यापलीकडे हात लावायचा नाही, आणि मूळ फाइल तशीच ठेवायची.

वर्तमानपत्रांत शोधलं, काहीच सापडत नाही. आता?

शोधण्याचे शब्द बदला. ‘हॉट रॉड’ हा शब्द युद्धाच्या सुमारास पसरला. त्याआधी, आणि नंतरही काही गावांत, ‘हॉप अप’, ‘सूप्ड अप’, ‘गाउ जॉब’ असे शब्द चालत. बातमीदाराने नुसतं ‘रोडस्टर शो’ किंवा ‘तरुणांचा मोटार मेळा’ असंही लिहिलेलं असेल. त्यात जुन्या छपाईचं यंत्रवाचन चुकतं, तेव्हा सभागृहाचं नाव टाकून त्या महिन्याचे सगळे अंक चाळणं हाच खात्रीचा उपाय.

बातमीपेक्षा जाहिराती नीट बघा. टायरचं दुकान, वेल्डिंग शॉप, सुट्या भागांचा विक्रेता, सगळे ‘आमची गाडी प्रदर्शनात बघा’ म्हणून चार ओळी छापत. पोलीस आणि वाहतूक सुरक्षेच्या बातम्याही चाळा. या क्लबांना आपली प्रतिमा सुधारायची असल्यामुळे एखादा पोलीस अधिकारी उद्घाटनाला बोलावलेला असतो आणि फोटो त्याच्या निमित्ताने छापला जातो.

कॅलिफोर्नियाची बरीच जुनी वृत्तपत्रं ‘कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन’मध्ये मोफत आहेत. वृत्तपत्रांचे मूळ फोटो मात्र वेगळ्या ठिकाणी. ‘हेरल्ड एक्झामिनर’चे लॉस एंजेलिस पब्लिक लायब्ररीत, ‘लॉस एंजेलिस एक्झामिनर’चे यूएससी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, ‘ओकलंड ट्रिब्यून’चे ओकलंड म्युझियम ऑफ कॅलिफोर्नियात, ‘सॅक्रामेंटो बी’चे सेंटर फॉर सॅक्रामेंटो हिस्टरीमध्ये. छापला गेला तो एक फोटो. त्याच पाकिटात न छापलेल्या आणखी निगेटिव्ह पडलेल्या असू शकतात. त्यांची वेगळी मागणी करायला विसरू नका.

पुणे-मुंबईत बसून हे जमेल?

बरंचसं जमेल. नकाशे, वृत्तपत्रं, ग्रंथालयांचे फोटोसंग्रह घरबसल्या बघता येतात. ग्रंथपालाला मेल लिहिताना प्रश्न नेमका असू द्या: ‘जानेवारी १९५०, एक्स्पोझिशन बिल्डिंग, मोटारींचं प्रदर्शन, पाकिटाची नोंद आहे का?’ ‘जुन्या गाड्यांचे फोटो पाठवा’ असं लिहिलं तर कुणी मदत करू शकत नाही. मायक्रोफिल्म बघायलाच हवी असेल तर बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड परिसरात, राहणाऱ्या आपल्या माणसांपैकी कुणाला तरी शनिवारी दोन तास ग्रंथालयात जायला सांगा. तिथे मराठी घरं काही कमी नाहीत.

मूळ मालकांच्या कुटुंबाशी कसं बोलावं?

आधी फोटो दाखवा आणि गप्प बसा. ‘हे १९४९ चंच ना?’ असं विचारलं की समोरचा वयस्कर माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि मग ते साल त्यांची आठवण बनून जातं. त्याऐवजी ही गाडी कुठे ठेवत होता, रंग कुठला होता, पत्र्याचं काम कुणी केलं, लग्नाआधीची की नंतरची, असं विचारा. लग्न, पहिलं मूल, सैन्यातली भरती या तारखा पक्क्या आठवतात. गाडीच्या तारखा त्यांना बांधून घ्या.

रंग आवर्जून विचारा. कृष्णधवल फोटो तो सांगत नाही आणि तो माहीत असलेली माणसं आता फार थोडी उरलीत.

कुटुंबाच्या परवानगीशिवाय नावं, पत्ते जाहीर करू नका. गाडी आज कुणाकडे आहे हे कळलं तरी ते तुमच्यापाशीच ठेवा.

यातून एखादी हरवलेली गाडी खरंच सापडली आहे का?

हो. ओकलंडचा पहिला किताब जिंकलेली नीकॅम्प रोडस्टर पुढे विस्मरणात गेली. जिम जेकब्स यांनी ती शोधून पुन्हा उभी केली आणि आज ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयात आहे.

हिरोहाटा मर्क्युरीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जपानी वंशाच्या बॉब हिरोहाटा यांनी १९५१ ची मर्क्युरी बॅरिस बंधूंकडून बदलून घेतली आणि ती १९५२ च्या मोटोरामा प्रदर्शनात लोकांपुढे आली. १९५९ मध्ये तीच गाडी एका शाळकरी मुलाने ५०० डॉलरला विकत घेतली. त्याने ती आयुष्यभर सांभाळली, पुढे जुन्या रूपात परत आणली. २०२२ च्या लिलावात तिला १९ लाख ५० हजार डॉलरची बोली लागली. एका काळी ५०० डॉलरला गेलेली गाडी आज ओळखता येते, कारण तिचे प्रदर्शनातले फोटो मासिकांत छापून जपले गेले. ज्यांचे फोटो जपले गेले नाहीत, त्यातल्या किती भंगारात वितळल्या याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

सापडलेले फोटो प्रसिद्ध करता येतात का?

फोटोची प्रत हातात असणं आणि त्याचा हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या फोटोचा हक्क २८ वर्षांनी नूतनीकरण न केल्यास संपलेला असतो. पण अल्बममधला, कधीच न छापलेला फोटो असेल तर हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. म्हणजे घरगुती फोटोंना बहुधा वारसांची परवानगी लागते. ती लेखी घ्या.

तारीख पक्की होत नसेल तर काय लिहायचं?

दोन टोकं लिहा आणि प्रत्येकापुढे कारण. ‘जून १९४८ नंतरचा, कारण मागे १९४९ ची फोर्ड. १९५१ च्या आधीचा, कारण दिसणाऱ्या तिन्ही पाट्या फिकट.’ एवढं लिहिलेलं असेल तर पुढचा माणूस त्यात भर घालू शकतो. नुसतं ‘अंदाजे १९५०’ लिहिलं तर पाच वर्षांत ‘अंदाजे’ गळून पडतं आणि चुकीचं साल सगळीकडे पसरतं.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या फोटोंना हीच पद्धत चालते का?

चालते, फक्त खुणा वेगळ्या. मुंबईच्या जुन्या फोटोत ‘बीएम’ने सुरू होणारा नंबर दिसला तर गाडीची नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली. ‘एमआर’ची मालिका महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची, म्हणजे १ मे १९६० च्या पुढची. ‘एमएच ०१’ किंवा ‘एमएच १२’ अशी रचना १९८९ पासूनची. इथे पाटी दरवर्षी बदलत नाही, गाडी तोच नंबर घेऊन तीस वर्षं फिरते. त्यामुळे नंबरवरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच ठरवा, आणि पुढचं टोक मागच्या दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं आणि रस्त्यावर ट्रामचे रूळ आहेत का, यावरून शोधा. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली.